ज्ञान रक्ताचे, मान माणसाचा

आई-वडिलांकडून आपल्याला केवळ रूपरंगच मिळते असे नाही; काही आजारही वारशाने मिळतात. हा वारसा पेशींतील जनुकांमधून पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. आज रक्ताच्या काही थेंबांवरून त्यातील बरेच काही वाचता येते. परंतु एखादी गोष्ट कळणे आणि त्या ज्ञानाचा न्याय्य उपयोग करणे, या दोन निराळ्या बाबी आहेत. सिकलसेल या आजाराचे उदाहरण घेतले, तर हा फरक स्पष्ट होतो.

निरोगी माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशी गोल व लवचीक असतात. सिकलसेलच्या रुग्णामध्ये त्या विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना देतात. विदर्भ, नंदुरबार, मध्य प्रदेश, छत्तीसगड, गुजरात, ओडिशा या भागांत, विशेषतः आदिवासी समाजांत, हा आजार अधिक आढळतो. ज्याला माता व पिता या दोघांकडूनही सिकलसेलचे जनुक मिळते, तो रुग्ण होतो. ज्याला ते एकाकडूनच मिळते, तो केवळ वाहक असतो आणि सहसा निरोगी आयुष्य जगतो. एवढेच नव्हे, तर असे एक जनुक जवळ असणाऱ्याला तीव्र मलेरियापासून संरक्षणही मिळते. ज्याला आपण सरसकट ‘दोष’ म्हणतो, त्यानेच कधी काळी अनेक पूर्वजांचे प्राण राखले आहेत.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे या आजाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करणे, हे त्याचे उद्दिष्ट ठरले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. कारण निदान लवकर झाले, तर औषधे व लसी यांच्या साहाय्याने बालकांचे प्राण वाचतात. मात्र तपासणीचा कागद घरी येतो, तेव्हा तो केवळ वैद्यकीय कागद राहत नाही. ‘मुलगी वाहक आहे’ एवढे कळताच ठरू पाहणारे लग्न मोडू शकते. पत्रिकेतील मंगळाची जागा मग रक्तातील जनुक घेते.

वास्तविक, वाहक मुलीचा विवाह वाहक नसलेल्या व सिकलसेलमुक्त मुलाशी झाला, तर त्यांच्या अपत्याला हा आजार होत नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात आजाराची शक्यता चारात एक असते. अशा जोडप्याने माहिती घेऊन, विचारपूर्वक निर्णय करावा. पण तो निर्णय त्यांचाच असावा. शिवाय जनुक मातेकडून येते तसे पित्याकडूनही येते. मग बोल एकट्या सुनेलाच का लावावा?

अमेरिकेने हा धडा पूर्वीच घेतला आहे. १९७०च्या दशकाच्या आरंभी तेथील काही राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी ही तपासणी सक्तीची केली. वाहक आणि रुग्ण यांतील भेद लोकांना नीट समजावला गेला नाही. परिणामी निरोगी वाहकांनाही नोकरी व विमा नाकारला जाऊ लागला. १९७२च्या राष्ट्रीय कायद्याने ऐच्छिक तपासणीवर भर दिला. नोकरीत व आरोग्य विम्यात जनुकीय माहितीवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा तेथे २००८ साली झाला.

काहीजण म्हणतील, “समाजाच्या हितासाठी सक्ती केली तर काय बिघडले?” माझ्या मते, सक्तीतून भय उपजते आणि भयातून लपवाछपवी. तपासणीचा निष्कर्ष दडवून ठेवला गेला, तर त्या ज्ञानाचा लाभ ना बालकाला होतो, ना समाजाला. म्हणून तपासणीपूर्वी व्यक्तीची संमती, निष्कर्षाची गोपनीयता आणि तिच्याच भाषेत केलेले समुपदेशन, या तीन गोष्टी तपासणीइतक्याच आवश्यक मानल्या पाहिजेत.

आपले जनुक कोणी निवडून घेतलेले नसते. म्हणून त्यात कोणाचा अपराध नाही आणि कोणाचा पराक्रमही नाही. ज्या ज्ञानाने वेदना कमी व्हायची, त्यानेच माणसामाणसांत नवी भिंत उभी राहणार असेल, तर ते ज्ञान आपल्याला पचले नाही, असेच म्हणावे लागेल.