‘इंजिन काहून बदललं?’

कापसाचा पैसा घरात येऊ लागला की वर्धा जिल्ह्यातल्या गावोगावी ट्रॅक्टरची बोलणी सुरू होतात. गुढीपाडव्याला सालदाराचे नवे साल ठरायचे असते. सालदार मिळेनासे झाले आहेत, बैलजोडी परवडत नाही, आणि नवा ट्रॅक्टर घ्यावा तर मध्यम ताकदीच्या यंत्रालाही सात-आठ लाख मोजावे लागतात. मग कोणीतरी सांगत येतो, ‘देवळीकडे एक जुना ट्रॅक्टर आहे, निम्म्या किमतीत सुटतो.’ आणि जाता जाता एक वाक्य जोडतो, ‘इंजिन बदललेलं आहे, भाऊ.’

या एका वाक्यावर घरात दोन तट पडतात. मुलगा म्हणतो, ‘मग तर नव्यासारखाच झाला.’ बाप म्हणतो, ‘ज्याचं काळीजच बदललं, तो आपल्याला नको.’ बँकेच्या नोकरीत शेतीकर्जाच्या टेबलामागे माझी बरीच वर्षे गेली. त्या काळात हा वाद मी कितीदा तरी ऐकला. माझे मत असे की दोघेही घाई करतात. बदललेले इंजिन हा गुणही नव्हे आणि दोषही नव्हे. तो एक प्रश्न आहे, आणि आमच्या वऱ्हाडी बोलीत तो दोन शब्दांत विचारता येतो : ‘बदललं काहून?’

आपल्या माणसाला जुनी वस्तू पारखता येत नाही, असे मुळीच नाही. आर्वीकडची गवळाऊ जातीची बैलजोडी घ्यायला निघालेला शेतकरी पाहा. तो आधी दात बघतो, मग खूर, मग खांदा. बैलाला चालवून पाहतो, वखराला जुंपून पाहतो. विकणारा कोण, कोणत्या गावचा, जोडी का काढतो, याची चौकशी चहा पिता पिता पुरी होते. बाजारात सौदा झाला की बाजार समितीची पावती खिशात ठेवतो. हाच माणूस ट्रॅक्टर घ्यायला गेला की रंग पाहतो, नवे सीट कव्हर पाहतो, इंजिनचा आवाज ऐकतो आणि इसार देऊन मोकळा होतो. बैलाच्या दातांशी दोन पिढ्यांची ओळख असते. यंत्राला दात कुठे असतात, हे त्याला कोणी शिवारात उभे राहून दाखवलेले नसते.

म्हणून थोडे यंत्राविषयी. जीप किंवा ट्रकला खाली लोखंडी सांगाडा असतो आणि इंजिन त्याच्यावर बसवलेले असते. कोकणातल्या मच्छीमार होडीचेही तसेच. इंजिन वर काढले तरी होडी होडीच राहते. शेतीच्या बहुतेक ट्रॅक्टरांना मात्र असा वेगळा सांगाडा नसतो. इंजिनचा ब्लॉक, क्लचचे घर, गिअरबॉक्स आणि मागचा आस हे एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात. तोच ट्रॅक्टरचा कणा. इंजिन बदलायचे म्हणजे ट्रॅक्टर मधोमध वेगळा करून पुन्हा सांधायचा. हे काम जाणत्या मिस्त्रीने नीट केले तर ट्रॅक्टर पुढे कित्येक वर्षे बिनतक्रार चालतो. घाईत केले, सांधा सरळ बसला नाही, तर क्लच लवकर झिजतो, तेल गळते, गिअर ओरडतो. इंजिन नवे असूनही खर्च थांबत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. ‘इंजिन बदललं’ आणि ‘इंजिन बांधलं’ यांत फार फरक आहे. पिस्टन, रिंगा, लायनर, बेअरिंग नवे टाकले तर इंजिन बांधले. ब्लॉक तोच, त्यावर कोरलेला क्रमांकही तोच. ब्लॉकसकट दुसरे इंजिन बसवले तर ते बदलले, आणि क्रमांकही बदलला. विकणारे दोन्ही शब्द सरमिसळ वापरतात. घेणाऱ्याने तसे करू नये.

आता ‘काहून’चे उत्तर. ट्रॅक्टर बारा-पंधरा वर्षे नांगराला राबला, इंजिन थकले, मालकाने बिल घेऊन दुसरे बसवले, हे सरळ उत्तर आहे. रेडिएटरमध्ये पाणी नाही, तेलाकडे लक्ष नाही, म्हणून इंजिन जाम झाले, हे दुसरे उत्तर. यात इंजिन बदलले तरी मालकाची सवय बदललेली नसते, आणि त्या सवयीची फळे गिअरबॉक्सने व हायड्रॉलिकनेही भोगलेली असतात. तिसरे उत्तर म्हणजे उत्तरच नसणे. ‘आधीच्या मालकानं बदललं जी, आपल्याला काही माहीत नाही.’ हे ऐकले की चहा संपवावा आणि उठावे.

सरळ उत्तर मिळाले तर पाहणीला लागावे. इंजिन थंड असताना पोचावे. आपण जाण्याआधीच ट्रॅक्टर चालू करून ठेवला असेल, तर तो गार होईपर्यंत झाडाखाली बसावे, कारण थकलेले इंजिन गार असतानाच कुरकुरते. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. सतत काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. तेलाची कांडी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. मागे वजनदार अवजार लावून उचलावे आणि इंजिन बंद करावे. अवजार लगेच खाली बसू लागले तर हायड्रॉलिकचा खर्च आलाच. पुढच्या चाकांचा खुळखुळा, मागच्या टायरांची नक्षी, ब्रेक, हे सारे जुनेच आहे हे विसरू नये. शेवटी तासभर तरी आपल्या काळ्या जमिनीत नांगराला लावून पाहावा. डांबरी रस्त्यावरची फेरी ही परीक्षा नव्हे. भाव करतानाही उलटा विचार करावा : नव्या इंजिनाची स्तुती विकणारा करीलच, आपण जे बदललेले नाही त्याची किंमत ठरवावी.

यानंतर कागद. माझ्या जुन्या पेशातला माणूस लोखंडापेक्षा कागदावर जास्त विश्वास ठेवतो, आणि त्याला कारण आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्यावर चौदा दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून नोंदणी पुस्तिकेत तशी दुरुस्ती करून घेणे मालकावर बंधनकारक आहे. पुस्तिकेतला क्रमांक आणि ब्लॉकवरचा क्रमांक जुळत नसेल, तर आपण कोणाचे इंजिन विकत घेतो आहोत हे कोणालाच सांगता येणार नाही. ते चोरीचे असू शकते. अपघात झाला तर विम्याचा वाद निघू शकतो. पुस्तिकेवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल, तर तो उतरल्याशिवाय ट्रॅक्टर विकणाऱ्याचा एकट्याचा नाही, हे समजावे. रेतीच्या वाहतुकीत महसूल खात्याने पकडलेला ट्रॅक्टर असेल, तर दंड भरला की नाही तेही विचारावे. आणि व्यवहार झाल्यावर तीस दिवसांच्या आत नाव आपल्यावर चढवण्यासाठी अर्ज करावा. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ट्रॅक्टर वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या नावाने चालवण्याची आपल्याकडची रीत मोडली पाहिजे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की वाहन विकले तरी नोंदणीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच धरला जाईल. तेव्हा ही काळजी विकणाऱ्यानेही घ्यायची आहे.

एवढा खल कशासाठी, असे कोणी म्हणेल. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यात आपला वर्धा होता. ते कशामुळे जाहीर करावे लागले, हे येथल्या कोणत्याही घराला सांगण्याची गरज नाही. सरकारी कर्जमाफी मुख्यतः बँकेच्या पीककर्जासाठी असते. जुन्या ट्रॅक्टरचे पैसे मात्र बहुधा तीन ठिकाणांहून गोळा होतात : थोडे कापसाचे, थोडे साळ्याकडून हातउसने, आणि उरलेले घरातल्या बाईचे सोने गहाण ठेवून. यातले सहसा काहीही माफ होत नाही. पेरणीच्या ऐन दिवसांत ट्रॅक्टर अंगणात उभा राहिला, तर भाड्याने दुसरा आणावा लागतो आणि मिस्त्रीचेही द्यावे लागतात. म्हणून माझा आग्रह आहे की ज्या बाईचे सोने जाणार, तिने पाहणीला बरोबर जावे. ‘बदललं काहून, जी?’ हा प्रश्न तिने विचारला तर बिचकून का होईना, विकणारा खरे बोलण्याचा संभव अधिक.

आणखी एक हिशेब तिनेच मांडावा. आपले वावर पाच-सात एकर असेल, तर वर्षातले किती दिवस ट्रॅक्टर आपल्या कामाला लागेल? उरलेल्या दिवसांत भाड्याचे काम मिळेल, असे सगळेच म्हणतात. पण गावात आधीच सहा ट्रॅक्टर असतील तर सातव्याला काम कोण देणार? पुष्कळदा भाड्याने नांगरून घेणे हेच शहाणपणाचे असते.

तरीही, जुने घेऊच नये असे मी म्हणणार नाही. ज्याला नवे परवडत नाही त्याला असा उपदेश करणे सोपे असते. १९३४ साली याच वर्ध्यात मगनवाडीला अखिल भारत ग्रामोद्योग संघ उभा राहिला आणि जे. सी. कुमारप्पांनी तेथे बसून गावाच्या अर्थकारणाचा विचार केला. त्यांना ट्रॅक्टर पटला नसता हे खरे. पण जे साधन गावातच दुरुस्त होते आणि ज्याचा जाणकार हाकेच्या अंतरावर असतो, त्याची किंमत त्यांनी ओळखली असती. आमच्या हिंगणघाट-पुलगावच्या मिस्त्रींनी जुन्या यंत्रांत जीव ओतून कितीतरी शिवारे चालती ठेवली आहेत. त्या कामाला माझा नमस्कार आहे. एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. त्यांचे ट्रॅक्टर पुढेही चालले ते अशाच हातांमुळे.

माझी मागणी एवढीच की त्या हातांच्या कामाची नोंद राहावी. मिस्त्रीने इंजिन बसवल्यावर तारीख, क्रमांक आणि सही असलेला एक कागद द्यावा. परिवहन कार्यालयाने तालुक्याच्या ठिकाणच्या शिबिरांत इंजिनबदलाची नोंद सहज करून द्यावी, म्हणजे शेतकऱ्याला त्यासाठी दलाल शोधावा लागणार नाही.

आणि घेणाऱ्याने? विकणारा ‘काहून’चे उत्तर एका दमात देत असेल, बिल दाखवत असेल, क्रमांक जुळत असतील, बसवणारा मिस्त्री भेटत असेल आणि वावरात ट्रॅक्टर टिकला असेल, तर खुशाल घ्यावा, इंजिन बदललेले आहे म्हणून घाबरू नये. यातली एकही गोष्ट अडली, तर मृग चार दिवसांवर आलेला असला तरी सौदा सोडून द्यावा. भाड्याच्या ट्रॅक्टरने एक हंगाम निभावतो. चुकीच्या सौद्याचे हप्ते मात्र पुढचे चार हंगाम भरावे लागतात.