सुट्या भागांची जुळणी आणि दूरचा बाजार

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीला सुट्या भागांच्या जुळणीचे नवल उरलेले नाही. ठिकठिकाणच्या लहानमोठ्या कारखान्यांत तयार झालेले भाग एकत्र येऊन येथील पियाजिओच्या कारखान्यातून तीनचाकी वाहने बाहेर पडतात, हे दृश्य गेली पंचवीस वर्षे या परिसराच्या परिचयाचे आहे. शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगरच्या कारखान्याने साखर कारखान्यांच्या यंत्रसामग्रीपासून अग्निबाणांच्या कवचांपर्यंत मजल मारली. तरीही याच वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या कामगाराचा किंवा एखाद्या शिक्षकाचा मुलगा जेव्हा ‘संगणक तयार घ्यायचा नाही, भाग आणून घरीच जुळवायचा’ असे म्हणतो, आणि तोही संगणकावरील खेळांसाठी, तेव्हा वडिलांच्या कपाळावर आठी उमटते. पैसा मोठा, वस्तू अनोळखी आणि हेतू खेळाचा, अशी ही तिहेरी शंका असते. ती अनाठायी म्हणून झटकून टाकता येणार नाही. पण तिच्यातील खरा भाग कोणता आणि गैरसमजाचा कोणता, हे मात्र पाहिले पाहिजे.

‘गेमिंग’ या शब्दाने आपल्याकडे बराच घोटाळा केला आहे. मोबाइलवर पैसे लावून खेळली जाणारी रमी आणि कौशल्याचे स्पर्धात्मक खेळ यांना एकाच नावाने ओळखले गेले, आणि पहिल्याची बदनामी दुसऱ्याच्या वाट्याला आली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळविषयक कायद्याने ही दोन क्षेत्रे वेगळी केली. पैशांच्या खेळांवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता मिळाली. त्यामुळे मुलाच्या अभ्यासाची काळजी संपत नाही, तो प्रश्न प्रत्येक घराने आपापल्या शिस्तीने सोडवायचा आहे. परंतु ज्या यंत्रावर असे खेळ चालतात तेच यंत्र अभियांत्रिकीचे आराखडे, चित्रफितींचे संपादन आणि संगणकीय भाषांचा अभ्यासही पेलते, हे ध्यानात घेतले म्हणजे या खर्चाकडे निव्वळ चैन म्हणून पाहता येत नाही. खरी अडचण खर्चाची आहे, आणि तिचे मूळ बारामतीपासून फार दूर आहे.

रांगेतील शेवटचा गिऱ्हाईक

संगणकाच्या स्मृतीचे, म्हणजे रॅमचे, जगातील बहुतांश उत्पादन सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्यांच्या हाती आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या प्रचंड माहिती-केंद्रांना ‘एचबीएम’ नावाची विशेष स्मृती लागते, आणि तितकीच साठवण देण्यासाठी तिला साध्या डीडीआर ५ रॅमच्या सुमारे तिप्पट सिलिकॉन चकत्या खर्ची पडतात. नफा जिकडे अधिक तिकडे कारखाना वळला, यात आश्चर्य नाही. २०२५ च्या अखेरच्या काही महिन्यांत साध्या रॅमचे भाव दुपटीहून अधिक झाले. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने तर किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशल’ हा जुना व्यवसायच बंद करण्याचे जाहीर केले. जुन्या डीडीआर ४ कडे वळावे, तर तिचे उत्पादन आटोपते घेतले गेल्याने तीही महागली. त्याच महिन्यात डॉलरचा भाव ९० रुपयांच्या पुढे गेला. भारतात विकले जाणारे प्रोसेसर आणि स्मृतीच्या चकत्या परदेशातच घडतात. साहजिकच हा दुहेरी भार येथील ग्राहकावर पडला.

असे घडण्याची ही पहिलीच वेळ नव्हे. २०२० व २०२१ मध्ये आभासी चलन ‘खणणाऱ्यांनी’ ग्राफिक्स कार्डे घाऊक उचलली, तेव्हाही विद्यार्थ्याला दुप्पट किंमत मोजावी लागली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाने आपली पद्धत बदलली आणि तीच झिजलेली कार्डे जुन्या बाजारात स्वस्तात आली. पाच-सहा वर्षांत दोनदा आलेला हा अनुभव एकच गोष्ट सांगतो. घरगुती ग्राहक हा या बाजाराच्या रांगेतील शेवटचा गिऱ्हाईक आहे. मोठ्यांचे ताट वाढून झाल्यावर उरेल ते त्याच्या पानात पडते. यातील दैवदुर्विलास असा की, उसाच्या पिकासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रयोग बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने केला, त्याचे या गावाला सार्थ कौतुक आहे. त्याच बुद्धिमत्तेची जागतिक भूक गावातील विद्यार्थ्याची रॅम महाग करते आहे.

देशी कारखाने निघत आहेत, मग भाव का उतरू नयेत, असा प्रश्न विचारला जातो. गुजरातेत सानंद येथे मायक्रॉनच्या ज्या प्रकल्पाची पायाभरणी २०२३ मध्ये झाली, तो स्मृतीच्या चकत्यांची जुळणी व तपासणी करणारा आहे. चकती तेथे घडत नाही. शिवाय संगणकाच्या भागांवरील आयात शुल्क १९९७ च्या माहिती तंत्रज्ञान करारापासून टप्प्याटप्प्याने जवळजवळ नाहीसे झाले आहे. ग्राहकाला जाणवतो तो १८ टक्के वस्तू व सेवा कर. साठ हजारांच्या भागांवर हा कर १०,८०० रुपये होतो.

खर्चाचा क्रम

जेथे भाव आपल्या हाती नाही तेथे खर्चाचा क्रम तरी आपल्या हाती राहतो, आणि पहिला संगणक जुळवणाऱ्याचे सारे शहाणपण या क्रमात आहे. बहुतेक नवशिके सर्वांत मोठ्या नावाच्या प्रोसेसरपासून सुरुवात करतात. वस्तुतः आरंभ पडद्यापासून करावयास हवा. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख बिंदू असतात, २५६० बाय १४४० वर ते ३६.९ लाख होतात, आणि ज्याला ‘फोर-के’ म्हणतात त्यावर ८३ लाखांच्या घरात जातात. ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक क्षणी हे बिंदू रंगवायचे असतात. पडदा ठरला की कार्ड ठरते, आणि कार्डावरून प्रोसेसर. साध्या पडद्यावर खेळणाऱ्या विद्यार्थ्याला मध्यम दर्जाचा सहा गाभ्यांचा प्रोसेसर पुरतो. त्यावर उधळलेले अधिक पैसे त्याला खेळात दिसतही नाहीत.

नावांच्या बाबतीत सावधगिरी हवी. जून २०२५ मध्ये बाजारात आलेले रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी हे कार्ड ८ आणि १६ जीबी अशा दोन स्मृतिमानांत विकले जाते. नाव एक, पण टिकाऊपणात दोन निराळे माल. तीच गोष्ट ‘आय-सेव्हन’ या बिरुदाची. रंगीत दिव्यांच्या नव्या कॅबिनेटमध्ये २०११ च्या पिढीचा प्रोसेसर घालून ‘गेमिंग पीसी’ म्हणून विकणारे दुकानदार सर्वत्र आहेत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ अशा जुन्या प्रोसेसरला अधिकृतपणे स्वीकारत नाही. तेव्हा प्रोसेसरचे नाव नव्हे तर पूर्ण क्रमांक पाहावा.

पुढे उरेल असा भाग म्हणजे मदरबोर्ड. एएमडीची २०२२ मध्ये आलेली एएम ५ ही बैठक अनेक पिढ्यांचे प्रोसेसर स्वीकारण्यासाठी आहे. आज बसवलेला स्वस्त प्रोसेसर चार वर्षांनी बदलता येतो. ज्या घरात एकरकमी पैसे नाहीत त्यांच्यासाठी येथेच मार्ग आहे. अंगभूत ग्राफिक्स असलेला, उदाहरणार्थ २०२४ मधील रायझन ५ ८६००जी सारखा, प्रोसेसर घेऊन सुरुवात करावी. हलके खेळ आणि सारा अभ्यास त्यावर चालतो. ग्राफिक्स कार्ड पुढच्या वर्षी. मात्र अशा प्रोसेसरला रॅमची एक पट्टी न देता दोन द्याव्यात, कारण त्याचे ग्राफिक्स त्याच स्मृतीवर जगते. हप्त्यांवर मोठे यंत्र घेऊन दोन वर्षे पगार गहाण टाकण्यापेक्षा हा टप्प्याटप्प्याचा मार्ग कारकुनाच्या संसाराला अधिक मानवणारा आहे.

ज्या भागाकडे सर्वांत कमी लक्ष जाते तो एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याची पेटी. ‘८० प्लस’ हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, सुरक्षिततेचा नव्हे. ६५ वॅटचा प्रोसेसर आणि १५० वॅटच्या आसपासचे कार्ड यांना चांगल्या बनावटीची ५५० वॅटची पेटी पुरून उरते. आकडा मोठा आणि किंमत लहान अशी पेटी मात्र जळताना मदरबोर्डलाही सोबत नेऊ शकते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या आसपास जातो, दाब कमीजास्त होतो आणि धूळ बारमाही असते, अशा बारामती-इंदापूरसारख्या अवर्षणप्रवण भागात वीजपेटी, यूपीएस, हवेशीर कॅबिनेट आणि धूळ अडवणारी जाळी यांवरचा खर्च शोभेच्या दिव्यांच्या आधी यावयास हवा. शहरी मुलाच्या यादीची नक्कल येथे उपयोगी नाही.

खरेदी कोठे करावी, हा शेवटचा प्रश्न. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, शंभर किलोमीटरवरचे पुणे किंवा घरपोच येणारे पार्सल, हे तीन मार्ग आहेत. तयार संगणकाला एक हमी असते, सुट्या भागांची भागागणिक निराळी. म्हणून प्रत्येक भागाचा अनुक्रमांक पावतीवर हवाच. पावतीवाचून मिळणारी सवलत ही सवलत नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. दिल्लीच्या विक्रेत्याविरुद्ध दिल्लीला जाण्याची गरज उरलेली नाही, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे.

जुळणीचे मोल

प्रगत महासंगणक भारताला देण्यास अमेरिका राजी नव्हती, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकार झाला. त्यातील ट्रान्सप्युटर ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे होते. बाजारात मिळणारे भाग घेऊन त्यांना एकत्र काम करावयास लावण्याची बुद्धी येथली होती. सर्व भाग आपले नसताना यंत्र आपले होऊ शकते, ही गोष्ट तेव्हा सिद्ध झाली. घरच्या टेबलावर प्रोसेसर बसवणारा विद्यार्थी महासंगणक घडवत नाही हे उघड आहे. पण कोणता भाग कोणासाठी अडून राहतो, उष्णता कोठून निघते, पैसा कोठे वाया जातो, हे तो पुस्तकाबाहेर प्रथमच शिकतो.

भाव असेच चढत राहिले तर हे शिक्षण पैसेवाल्यांच्या मुलांपुरते उरेल. तयार, चिकटवलेली, न उघडणारी यंत्रे बाकीच्यांच्या हाती येतील आणि ती बिघडली की फेकली जातील. हे टाळण्यासाठी दिल्लीच्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. विद्यानगरी आहे, तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. वसाहतीतील कारखाने दर काही वर्षांनी कार्यालयांतील संगणक बदलतात. ते भंगारात न घालता शाळा-महाविद्यालयांना दिले आणि तेथे आठवड्यातून एक दिवस ते उघडून, जोडून पाहण्याचा तास ठेवला, तर ज्याच्या घरी साठ हजार नाहीत त्या मुलालाही स्क्रू फिरवता येईल. रॅमचा भाव बारामतीत ठरत नाही. पण हा तास ठेवायचा की नाही, हे मात्र बारामतीलाच ठरवायचे आहे.