भुतांना कामाला जुंपलंत

भयपटांचे पुढचे भाग हा आता निव्वळ धंदा झाला आहे. 'स्त्री', 'भेडिया', 'मुंज्या' काढणाऱ्या मॅडॉक फिल्म्सने २०२५ उजाडताच २०२८ पर्यंतचे आठ चित्रपट तारखांसकट जाहीर केले. त्यातल्या शेवटच्या दोहोंच्या नावातच महायुद्ध आहे. भूत कोण, ते कशाने मेलं, त्याचं काय राहून गेलं, याचा पत्ता नाही. प्रदर्शनाची तारीख मात्र ठरलेली.

भूत परत येतं कारण त्याचा हिशोब चुकता झालेला नसतो. गावाला ते ठाऊक असतं आणि गाव तोंड दाबून बसलेलं असतं. खरी भीती त्या गप्प बसण्याची. हिशोब मिटला की गोष्ट संपली पाहिजे. इथे ती संपू देत नाहीत, कारण गल्ला चालू आहे.

२०१८ ची 'स्त्री' बघा. चंदेरीतल्या उत्सवाच्या रात्री, पुरुष पळवणाऱ्या बाईच्या भुताच्या धाकाने, पुरुषांनी दारं लावून घरात बसायचं, एकट्याने बाहेर पडायचं नाही, जीव वाचवायला वेळप्रसंगी साडी नेसायची. बाई रोज जी भीती घेऊन जगते, ती अमर कौशिकने पुरुषांच्या अंगावर घातली. थिएटर हसत होतं आणि हसता हसता वरमतही होतं. शेवटी त्या स्त्रीला 'उद्या ये' म्हणून टोलवणारं गाव तिच्याकडेच रक्षण मागू लागलं. संपलं की! पण २०२४ मध्ये 'स्त्री २' आला. त्यातली कल्पना अस्सल होती: सरकटा हा शीर नसलेला राक्षस शिकल्यासवरलेल्या, आपल्या मनाने वागणाऱ्या बायका पळवतो आणि गावातल्या पुरुषांची डोकी फिरवून बाकीच्यांना घरात कोंडतो. आजच्या देशात याहून भीतीदायक काय असेल? चित्रपटाने या कल्पनेचं मातेरं केलं. दोन विनोद, एक पाहुणा नट, पुन्हा दोन विनोद, आणि शेवटी संगणकावर रंगवलेली हाणामारी, तीत मदतीला दुसऱ्या चित्रपटातला भेडिया. ज्या बाईचा खून झाला ती आता रखवालदार झाली. देशात ५०० कोटींच्या वर कमाई झाली, म्हणजे हेच पुन्हा होणार.

'मुंज्या'ने तर आमच्या घरातलंच भूत उचललं. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी गेलेलं पोर पिंपळावर राहतं, ही कोकणातल्या प्रत्येक आजीने सांगितलेली गोष्ट. ती ऐकताना भीतीबरोबर पोटात तुटायचं, कारण ते पोर होतं. त्याचे दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठी, त्यांना हे सांगायला नको. सुरुवातीला तो गोट्या नावाचा पोर, त्याचं वेड, स्वतःच्या बहिणीचा बळी द्यायला निघणं, हे सगळं अंगावर येतं. मग पडद्यावर संगणकातून काढलेलं बडबडं माकड उड्या मारू लागतं आणि मेलेल्या पोराचं दुःख शोधूनही सापडत नाही. सुहास जोशींसारखी अभिनेत्री हाताशी असताना! शेवटाला इथेही भेडिया, आणि आता म्हणे 'महामुंज्या'.

हिंदीचंच नाव घेतो असं नाही. विशाल फुरियांच्या मराठी 'लपाछपी'त उसाच्या फडात पोरांचे आवाज येतात, आणि त्या सगळ्यामागे मारलेल्या मुली आहेत हे कळतं तेव्हा हातपाय गार पडतात. त्याची हिंदीत 'छोरी' झाली, तिचाही दुसरा भाग निघाला. बालविवाहासारखा विषय होता, तो भुयारातल्या धावपळीत विरून गेला.

आणि आता 'तुंबाड २'. पहिल्या भागाचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यात नाहीत. नारायण धारपांच्या कथेतून उगवलेला तो चित्रपट २०२४ मध्ये पुन्हा लावला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला; मग दुसरा भाग जाहीर होणारच. अरे, पण त्या पहिल्या भागात नायक विनायक काय करतो? विहिरीत उतरून कणकेची बाहुली हस्तर या शापित देवापुढे टाकायची, तो खात असताना त्याच्या लंगोटातल्या सोन्याच्या मोहरा ओरबाडायच्या, पुन्हा उतरायचं, पुन्हा ओरबाडायच्या, शेवटी मरायचं. मरता मरता तो अख्खा लंगोट पोरापुढे धरतो आणि पोरगा तो घेत नाही. बापाला आग लावतो. गोष्ट तिथे पुरी झाली. त्या पोराने जे नाकारलं, तेच घ्यायला आता पुन्हा खाली उतरताय. माझं तिकीट धरू नका.