आधी शेजार, मग सायरन, शेवटी कॅमेरा

गौरी-गणपतींचे विसर्जन झाले की रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्यावाड्यांतली घरे एकामागून एक कुलूपबंद होतात. चाकरमानी मुंबई-पुण्याच्या गाड्या धरतात आणि घर शिमग्यापर्यंत, कुठे थेट मे महिन्यापर्यंत बंद राहते. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजार ६९ वर आली. राज्य वाढत असताना दहा वर्षांत या जिल्ह्यातून ८१ हजारांहून अधिक माणसे कमी झाली. घरे मात्र उभीच आहेत, आणि जुन्या कौलारू घरांच्या शेजारी स्लॅबचे नवे बंगलेही आले आहेत. निघण्याआधी अशा घराला चार कॅमेरे, एक डीव्हीआर आणि मोबाइलवर ॲप बसवून घ्यायचे आणि निर्धास्त व्हायचे, ही आता रीतच झाली आहे. या निर्धास्तपणाला आधार फार थोडा आहे.

कॅमेऱ्याच्या बाजूने जे सांगितले जाते ते आधी नीट मांडायला हवे. कॅमेरा दिसला की चोर बिचकतो. बिचकला नाही तरी त्याचा चेहरा टिपला जातो. टिपलेला चेहरा पोलिसांना आणि कोर्टाला पुरावा म्हणून चालतो. आणि मालक ठाण्यात असो की दुबईत, त्याला घर चोवीस तास डोळ्यांसमोर दिसते. चारही मुद्दे बिनबुडाचे नाहीत. ज्या घरात माणसे राहतात तिथे ते बऱ्याच अंशी खरेही ठरतात. बंद घराच्या बाबतीत मात्र त्यांतला एकही पुरा उतरत नाही.

घरासाठी कॅमेऱ्याची कल्पना कुठून आली ते पाहिले की हा फरक कळतो. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने १९६६ मध्ये आपल्या पतीच्या साथीने अशा यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९६९ मध्ये ते मिळाले. दारापलीकडे कोण उभे आहे ते आतल्या पडद्यावर दिसावे, त्याच्याशी बोलता यावे, ओळखीचा असेल तर दार उघडावे आणि धोका वाटला तर बटण दाबून मदत मागावी, अशी ती रचना होती. पाहणारी बाई घरात होती, आणि बटण दाबण्याची सोय पहिल्या दिवसापासून यंत्रणेचा भाग होती. संगमेश्वर किंवा राजापूर तालुक्यातल्या बंद घरात पाहणारे कोणी नसते. कॅमेरा तोच राहिला. त्याच्यामागचा माणूस आणि त्याचे बटण दोन्ही गेले.

चोर बिचकण्याचा मुद्दा घेऊ. सीसीटीव्ही आणि गुन्हेगारी यांवरील चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले बहुतेक अभ्यास ब्रिटन-अमेरिकेतले होते. कॅमेरे असलेल्या ठिकाणी गुन्ह्यांत सुमारे १३ टक्के घट दिसली. सर्वांत ठळक परिणाम वाहनतळांवर होता, निवासी भागांतही थोडाफार होता. पण त्याच आढाव्याने आणखी एक गोष्ट दाखवली: पडद्यासमोर माणूस बसून लक्ष ठेवतो आणि कॅमेऱ्याच्या जोडीला इतर उपायही असतात, तिथे फायदा मोठा. नुसते रेकॉर्डिंग चालू ठेवलेल्या ठिकाणी तसा ठोस परिणाम सापडला नाही. बंद घरातला डीव्हीआर याच दुसऱ्या प्रकारात मोडतो.

चेहरा टिपण्याचा मुद्दा मोजून पाहता येतो. अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर चित्रात दर मीटर रुंदीला किमान २५० पिक्सल हवेत, असे ईएन ६२६७६ हे युरोपीय मानक सांगते. दोन मेगापिक्सलच्या कॅमेऱ्याचे चित्र १,९२० पिक्सल रुंद असते, म्हणजे ओळख पटण्याजोगी रुंदी जेमतेम साडेसात मीटर. घरांना सर्रास बसवले जाणारे २.८ मिलिमीटरचे भिंग फार रुंद कोन टिपते, त्यामुळे ही मर्यादा साधारण तीन मीटरवरच संपते. आठ मेगापिक्सलचा महागडा कॅमेरा घेतला तरी ती सहा-साडेसहा मीटरपर्यंतच जाते. कोकणातले खळे आणि गडग्यापर्यंतची मोकळी जागा याहून कितीतरी मोठी असते. वळचणीखाली उंचावर बसवलेल्या कॅमेऱ्याला बहुतेक वेळा टोपी, छत्री किंवा रेनकोटची खोळच दिसते. चेहरा हवा असेल तर एकच कॅमेरा, पण दारासमोर, डोक्याहून थोडाच उंच आणि अरुंद कोनाचा बसवायला हवा.

रात्रीची अडचण वेगळीच. अंधारात दिसावे म्हणून कॅमेरा अवरक्त प्रकाश टाकतो. त्या दिव्यांच्या उबेला आणि त्यांच्याभोवती जमणाऱ्या किड्यांना धरून कोळी भिंगासमोरच जाळे विणतो. जाळ्यावरून प्रकाश उलटा फिरतो, चित्र पांढरे पडते आणि वाऱ्याने जाळे हलले की मोबाइलवर ‘हालचाल आढळली’ असा संदेश येतो. त्यात पाल, मांजर, वटवाघूळ आणि वानरांची भर पडते. रोज रात्री असे संदेश येऊ लागले की आठवड्याभरात मालक सूचना बंद करून टाकतो. खरा चोर येतो त्या रात्री फोन मुका असतो.

पुराव्याच्या मुद्द्यात तर हिशेबच उलटतो. दोन मेगापिक्सलचे चार कॅमेरे दर सेकंदाला प्रत्येकी दोन मेगाबिट नोंदवत असतील, तर दिवसाला सुमारे ८६ जीबी चित्रण जमते आणि एक टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते. त्यानंतर नवे चित्रण जुन्यावर चढत जाते. जुलैच्या मध्यात फुटलेले घर गणपतीला उघडले, तर चोरीच्या रात्रीचे चित्रण केव्हाच पुसलेले असते. शिवाय चोर डीव्हीआरच उचलून नेऊ शकतो. तो बहुधा टीव्हीखालीच सापडतो.

चित्रण हाती असले तरी ते कोर्टात उभे करायला कागद लागतो. या बाबतीतला निर्णायक निकाल महाराष्ट्रातल्याच वादातून आला. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाले की नाही, हा प्रश्न निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणावर येऊन ठेपला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले, की मूळ यंत्र हजर केले नसेल आणि प्रत दिली असेल, तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यकच आहे. १ जुलै २०२४ पासून हीच अट भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. व्हॉट्सॲपवरून पुढे पाठवलेली क्लिप शोधाला उपयोगी पडेल, पुरावा म्हणून ती एकटी टिकेलच असे नाही. म्हणून बसवून देणाऱ्याकडून पावती, यंत्राचा अनुक्रमांक आणि डिस्कची माहिती लेखी घ्यावी, आणि चोरी झाली तर डीव्हीआरला हात न लावता पोलिसांना बोलवावे.

राहिला ‘घर डोळ्यांसमोर’ हा मुद्दा. डोळ्यांसमोर दिसायला वीज हवी आणि नेटवर्क हवे, आणि वर्षातल्या ज्या दिवसांत घराला सर्वांत जास्त धोका असतो त्याच दिवसांत ही दोन्ही जातात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडातल्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा तळमजल्यावरची कोणतीही यंत्रणा वाचणे शक्य नव्हते. एवढी मोठी आपत्ती नसली तरी मृगात तारेवर फांदी पडली की दोन-तीन दिवस अंधार हा कोकणचा नेहमीचा अनुभव आहे. चार कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर मिळून ४० वॉटच्या आसपास वीज खातात. घरच्या १५० अँपिअर-अवर बॅटरीवर ते एक दिवस, फार तर थोडे अधिक चालतात. खाऱ्या हवेने जोडण्या गंजतात. खोक्यावरचा आयपी ६६ हा आकडा धूळ आणि पाण्याच्या माऱ्याची हमी देतो, गंजाबद्दल काहीच सांगत नाही. अंगणातून ओढलेल्या लांब वायरीतून विजेचा झटका आत येतो, आणि उन्हाळ्यात जांभ्याची जमीन कोरडी पडली की अर्थिंगही कमजोर होते.

मग करायचे काय? यंत्रणा दुसऱ्या टोकाकडून निवडायला हवी. चोर दाराला हात लावेल त्या क्षणानंतर दहा-पंधरा मिनिटांत तिथे कोण पोचेल, याचे उत्तर आधी ठरले पाहिजे. कोणता कॅमेरा घ्यायचा हा त्यानंतरचा प्रश्न.

पण हाक मारण्याआधी वेळ कमवावा लागतो, आणि वेळ दार कमावून देते. घरफोडीच्या बातम्यांत एक वाक्य ठरलेले असते: ‘दरवाजाचा कडीकोयंडा उचकटून’. कुलूप शाबूत राहते, कोयंड्याचे स्क्रू निघतात. चौकटीतून आरपार बोल्ट घालून मागे नट आवळलेला कोयंडा, परसदाराला आतून आगळ आणि माजघराच्या खिडक्यांना गज यांचा खर्च एका बऱ्या कॅमेऱ्याइतकाही नाही. कौलारू घरात कौले काढूनही शिरता येते, म्हणून माळ्यावरून खाली येणारी वाटसुद्धा दार लावून बंद करावी.

त्यानंतर अलार्म. दार आणि चौकट यांवर बसणारा चुंबकी सेन्सर ही या सगळ्यातली सर्वांत साधी आणि भरवशाची वस्तू आहे. पाल, वानर, जाळे यांचे त्याला काहीच नाही. दार उघडले तरच तो बोलतो, आणि छोट्या सेलवर वर्षभर चालतो. हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर उष्णतेतला फरक ओळखतो, त्यामुळे मे महिन्यात भिंती तापलेल्या असताना मंदावतो. तो माजघरात दुसरी फळी म्हणून असावा. पॅनेलमधली सात अँपिअर-अवरची छोटी बॅटरी वीज नसताना दोन-अडीच दिवस टिकते. नुसता भोंगा पुरत नाही, कारण आषाढातल्या पावसात शेजारच्या घरापर्यंत तो ऐकू जाईलच असे नाही. सिमकार्ड घालून पाच जणांना लागोपाठ फोन करणारे पॅनेल घ्यावे. ते टूजीवरच चालणारे असेल तर सिम कोणत्या कंपनीचे हे पाहावे. जिओकडे टूजी नाही. रिचार्जची तारीखही कोणाच्या तरी अंगावर पक्की हवी.

फोन कोणाला जावा? इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे: वाडीत उरलेत ते बहुतेक म्हातारे, त्यांच्यावर हा भार टाकायचा का? एकट्यावर कधीच टाकू नये. शेजारच्या रायगड जिल्ह्यात दिवेआगरच्या सुवर्णगणेश मंदिरावर २४ मार्च २०१२ ला दरोडा पडला, तेव्हा दोन पहारेकऱ्यांचे प्राण गेले. बोलावलेल्या माणसाने चोराशी झुंजायचे नसते. त्याने दिवे लावायचे, चौघांना उठवायचे आणि ११२ ला फोन करायचा. पोलीस पाटील यादीत असलाच पाहिजे. पुणे, नाशिक, नगर या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा चालते: एका गावकऱ्याने ठरलेल्या क्रमांकावर फोन केला की त्याचाच आवाज एकाच वेळी सगळ्या गावाच्या फोनवर जातो. अर्ध्या वाड्या बंद असलेल्या रत्नागिरी जिल्ह्याला अशा यंत्रणेची गरज इतर कोणाहून कमी नाही. गणपतीत गाव भरलेले असते. त्याच दिवसांत ग्रामपंचायतीत हा विषय काढता येईल.

शेवटी कॅमेरा, आणि तो हवाच. अलार्म वाजल्यावर खरेच कोणी शिरले आहे की वाऱ्याने दार हलले, हे पाहायला तो उत्तम. म्हातारे आईवडील एकटे राहत असतील तर त्याचा उपयोग आणखी मोठा. एक दारावर, एक परसदारी. सूचना अलार्मशी जोडलेली. चित्रण घराबाहेरही साठणारे. ९ एप्रिल २०२५ पासून देशात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्हीला सरकारने ठरवलेल्या सुरक्षा-चाचण्या बंधनकारक आहेत, तेव्हा घेताना तसे प्रमाणपत्र मागावे. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. २०१६ मध्ये मिराई या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर कारखान्यातल्याच पासवर्डने ताब्यात घेतले होते, आणि २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातले चित्रण चोरून विकले गेल्याचे उघड झाले.

सामाईक घरात आणखी एक काळजी घ्यावी लागते. एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये निकाल दिला, की सोबत राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय घराच्या आत कॅमेरे चालवणे हा त्यांच्या खासगीपणाचा भंग आहे; सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. ओटी एकाची आणि पडवी दुसऱ्याची असलेली घरे कोकणात पुष्कळ आहेत. कॅमेरा कुठे वळलेला आहे हे भावकीला आणि शेजाऱ्याला आधी दाखवून, विचारून बसवले, तर अलार्मच्या यादीत त्यांचीच नावे घालता येतात.

हे सगळे झाल्यावर, घर बंद करायच्या आदल्या संध्याकाळी, यादीतल्या पाचही जणांना सांगून परसदार मुद्दाम उघडावे. मेन स्विच आणि राउटर दोन्ही बंद ठेवून. कोणाचा फोन वाजला, कोण आले, किती वेळात आले, ११२ ला घराचा पत्ता नीट सांगता आला का, हे पाहावे. पंधरा मिनिटांत कोणीच पोचले नाही तर यादीतली नावे बदलावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी धरण्याआधी, दार पुन्हा उघडून पाहावे.