खालाच्या मोबाइलवरचा दगड

गोष्ट फेब्रुवारी २०२५ मधली. वर्गात पाऊल टाकतो न टाकतो तोच सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, २०३२ मध्ये मुंबईवर आसमानातून दगड पडणार? खालाच्या मोबाइलवर आलंय. तेव्हा मी वीस वर्षांची असेन." "अफवा आहे, बैस खाली," म्हणून आम्ही विषय मिटवला. रात्री घरी वाचायला बसलो, तेव्हा कळले की घाई आमचीच झाली होती.

दगड खरा होता. सुमारे ६० मीटरचा हा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ रोजी चिली देशातल्या 'ॲटलास' दुर्बिणीला सापडला. त्याचे नाव '२०२४ वायआर४'. ॲटलासच्या दुर्बिणी हवाई बेटांवर, चिलीत आणि दक्षिण आफ्रिकेत आहेत. त्यांना डोळा लावून कोणी बसत नाही. त्या आपोआप फिरतात, आकाशाच्या एकाच तुकड्याचे तासाभरात साधारण चार फोटो घेतात. संगणक नव्या फोटोतून जुना फोटो वजा करतो. जे उरते ते नवे. नवा ठिपका जागीच असला, तर कदाचित दूर कुठे एखादा तारा फुटलेला असतो. चार फोटोंत चार ठिकाणी सरकलेला दिसला, तर तो लघुग्रह. संगणकही फसतो, म्हणून माणसे तपासतात आणि इतर दुर्बिणी पुन्हा पाहतात.

हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जानेवारीअखेर १ टक्क्याच्या वर गेली. १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के झाली, म्हणजे बत्तिसात एक. तो पडलाच तर कुठे, याचा पट्टा पॅसिफिकपासून आफ्रिका, अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत येत होता. मुंबईचे नाव आले ते त्यातूनच. आणि आठवडाभरात ही शक्यता जवळपास शून्यावर आली! लोक म्हणाले, "शास्त्रज्ञ रोज जबान बदलतात."

तसे नाही. समजा, मोहल्ल्यात शंभर घरे आहेत आणि एका घरी पाहुणा येणार आहे. आपल्या घरी येण्याची शक्यता शंभरात एक. मग कळले की तो आपल्याच गल्लीत येतोय आणि गल्लीत बत्तीस घरे आहेत. शक्यता वाढली. थोड्या वेळाने कळले, तो गल्लीच्या पलीकडच्या टोकाला उतरणार. आपली शक्यता संपली. पाहुण्याने रस्ता बदलला नाही, आपली माहिती वाढली. लघुग्रहाचेही तेच. जितक्या रात्री तो दिसला, तितका त्याचा मार्ग पक्का होत गेला.

शक्यता मावळली त्या आठवड्यात आम्ही वर्गात चूक कबूल केली आणि फळ्यावर मोहल्ला काढला. ती मुलगी म्हणाली, "आणि सर, पाहुणा आपल्याच घरी येणार असता तर?" प्रश्न बिनतोड होता. आम्ही सांगितले, सप्टेंबर २०२२ मध्ये 'डार्ट' नावाचे यान डिमॉर्फोस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवले, तेव्हा त्याची एका फेरीची वेळ ३२ मिनिटांनी कमी झाली. असा धक्का द्यायचा तर काही वर्षे हाताशी हवीत. दगड लवकर सापडला, तरच ती मिळतात.

घरात मुलांनी असे काही विचारले आणि उत्तर ठाऊक नसले, तर "उद्या सांगते", "उद्या सांगतो" म्हणा. आणि उद्या नक्की सांगा.