भारीतली बाटली कशाला?

सेप्टिक शॉकचा रुग्ण आयसीयूत आला की नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो : ‘बाहेरून भारीतली बाटली आणून देऊ का?’ यामागची काळजी खरी आहे. पण वैद्यकशास्त्राचे उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ असेच आहे.

या आजारात जंतुसंसर्गामुळे रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतून पाणी झिरपते आणि रक्तदाब कोसळतो. म्हणून शिरेतून द्रव द्यावा लागतो. स्टार्चचे महागडे द्रव रक्तवाहिनीत अधिक काळ टिकतात, म्हणून ते सरस, असा समज अनेक वर्षे होता. २०१२ मध्ये स्कँडिनेव्हियात तीव्र सेप्सिसच्या सुमारे ८०० रुग्णांवर झालेल्या चाचणीने तो मोडला. स्टार्च दिलेल्यांपैकी ५१ टक्के रुग्ण ९० दिवसांत दगावले. साधे रिंगर द्रावण दिलेल्यांपैकी ४३ टक्के. डायलिसिसची गरजही स्टार्चच्या गटातच जास्त पडली. अल्ब्युमिनचे स्थान मर्यादित आहे. साधे द्रव भरपूर देऊन झाल्यावरच त्याचा विचार होतो.

मग सलाइन की आरएल? सलाइनच्या एका लिटरमध्ये १५४ मिलिमोल क्लोराइड असते, रक्तात ते १००च्या आसपास. सलाइन फार झाले तर रक्तातील आम्लता वाढते. आरएलची घडण रक्ताच्या अधिक जवळची, म्हणून २०२१ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे तशा द्रवाला पसंती देतात. ब्राझील आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील मोठ्या चाचण्यांत मात्र अशा संतुलित द्रवाने मृत्यू कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही. त्यामुळे आरएल हाताशी नसेल तर सलाइन लावावे, वाट पाहू नये.

खरा प्रश्न मात्रेचा आहे. पहिल्या तीन तासांत किलोमागे किमान ३० मिलिलिटर, म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला १८०० मिलिलिटर, अशी शिफारस आहे. त्यापुढची प्रत्येक बाटली रुग्ण तपासूनच लावावी. नाहीतर तेच पाणी फुप्फुसांत साचते. रक्तदाब सावरत नसेल तर आणखी बाटल्यांपेक्षा नॉरअॅड्रेनॅलिन आणि शॉकची ओळख पटताच तासाभरात प्रतिजैविक, हेच जीव वाचवते.

म्हणून आग्रह धरायचा तो महागड्या बाटलीचा नव्हे. तालुक्याच्या रुग्णालयातही आरएल, प्रतिजैविक, नॉरअॅड्रेनॅलिन आणि रुग्णाची लघवी दर तासाला मोजणारी परिचारिका रात्री दोन वाजताही हजर असावी, हा आग्रह धरायला हवा.