वावड्यांखाली दबलेली लढत
नोव्हेंबर 2021 मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाचे अमेरिकन फुटबॉल प्रशिक्षक लिंकन रायली लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडे जाणार, या वावड्यांनी ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांच्यातल्या ‘बेडलम’ लढतीची चर्चा झाकोळली. ती लढत ओक्लाहोमा स्टेटने 37-33 अशी जिंकली, 2014 नंतर प्रथमच. पंट म्हणजे लाथेने उडवलेला चेंडू झेलताना पाहुण्या ओक्लाहोमाच्या हातून निसटला, तो गोलरेषेजवळ यजमानांनी बळकावला आणि त्यांच्या जेलन वॉरनने आघाडी मिळवून दिली. हा क्षण उलगडून सांगणं हेच स्थानिक पत्रकाराचं खरं काम. प्रशिक्षक जाणं ही बातमी नव्हे का? आहेच, रायली दुसऱ्याच दिवशी गेले. पण लुइझियाना स्टेटकडे नव्हे, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे! म्हणजे वावड्यांतून धड बातमीही हाती लागली नाही. वाचकांनाच अशा वावड्या हव्या असतात, हा बचाव मला पटत नाही; 1904 पासूनच्या या वैराला चाहते कधीच कमी पडलेले नाहीत.